मूल पहिलीत गेलं, आता घरी काय करायचं?

जूनमध्ये दप्तर, वह्या, रेनकोट, डबा अशी सगळी खरेदी होते. शाळा सुरू होऊन दोन आठवडे झाले की पालकांचा पहिला प्रश्न येतो, "बाई, घरी याचा अभ्यास कसा घ्यायचा?" पहिली-दुसरीला शिकवताना हा प्रश्न मला दर वर्षी ऐकायला मिळतो. विचारणाऱ्यांत इंजिनिअर बाप असतो, धुणीभांडी करणारी आई असते, नातवाला सोडायला येणारे आजोबा असतात. तिघांनाही मी एकच सांगते. पहिली तीन वर्षं घरी शाळा भरवू नका. मुलासोबत रोज थोडं वाचा, त्याचं वाचन ऐका आणि वर्गशिक्षकांशी बोलत राहा. हे तिन्ही करायला पदवी लागत नाही. वाचता न येणाऱ्या आईलाही ते जमतं, कसं ते पुढे सांगते.

वाचनावर एवढा भर कशासाठी? साधारण तिसरीपर्यंत मूल वाचायला शिकतं आणि त्यानंतर वाचून शिकतं. तिसरीत परिसर अभ्यास येतो, गणितात शाब्दिक उदाहरणं वाढतात. "एका टोपलीत २४ आंबे आहेत. त्यांतले ७ आंबे शेजारच्या काकूंना दिले, तर किती उरले?" हे उदाहरण सोडून देणाऱ्या मुलाला २४ वजा ७ तोंडी विचारा, बरेचदा पटकन उत्तर येतं. अडतं ते वाचनात, आणि प्रगतिपुस्तकात मात्र गणित कच्चं दिसतं. २०२१ साली सुरू झालेल्या केंद्र सरकारच्या निपुण भारत अभियानाने तिसरीच्या अखेरीपर्यंत प्रत्येक मुलाला समजून वाचता यावं हे ध्येय ठेवलं, त्याचं कारण हेच.

घरातल्या वाचनाचा परिणाम किती लांब टिकतो, याबद्दल एक मोठी पाहणी आहे. २००९च्या पिसा या आंतरराष्ट्रीय चाचणीत काही देशांमध्ये १५ वर्षांच्या मुलांच्या पालकांना विचारलं होतं, तुमचं मूल पहिलीत असताना तुम्ही त्याच्यासोबत पुस्तक वाचत होता का? ज्यांच्या घरी आठवड्यातून एक-दोनदा किंवा रोज असं वाचन होत होतं, त्या मुलांचे वाचनाचे गुण जास्त होते. सारख्या आर्थिक परिस्थितीतली घरं एकमेकांशी ताडून पाहिली तेव्हा फरक कमी झाला, पण संपला नाही. म्हणजे पैशाने होतं ते होतंच, पण मांडीवर पुस्तक उघडून बसण्याचाही स्वतःचा वाटा असतो.

आता प्रत्यक्ष कामाकडे येऊ.

आधी वेळ ठरवा

रोज पंधरा मिनिटं पुरतात. रविवारी दोन तास बसवण्यापेक्षा ती कितीतरी जास्त कामाची. वेळ घड्याळावर ठरवू नका, ती घरातल्या एखाद्या नेमाला बांधा. संध्याकाळी दिवा लावून शुभंकरोती म्हणणाऱ्या घरांत ती वेळ आयतीच मिळते. कुणाकडे रात्रीची जेवणं झाल्यावर, कुणाकडे बाबा रात्रपाळीला निघण्याआधी. एका खोलीचं घर असलं तरी तेवढा वेळ टीव्ही बंद आणि मोबाइल पालथा एवढं करता येतं. मुलापेक्षा मोठ्यांनाच हे जड जातं, पण यात सूट नको.

पहिले काही आठवडे तुम्ही वाचा, मुलाला ऐकू द्या

पहिलीत पाऊल टाकलेल्या मुलाच्या हातात लगेच पुस्तक देऊन "वाच" म्हणू नका. त्याला आधी कळायला हवं की कागदावरच्या या खुणांतून गोष्ट निघते आणि ती ऐकायला मजा येते. शेजारी बसवा, पुस्तक दोघांच्या मध्ये धरा आणि ओळीखाली बोट फिरवत वाचा. मजकूर डावीकडून उजवीकडे जातो, ओळ संपली की खालच्या ओळीवर यायचं, शब्दांमध्ये मोकळी जागा असते, हे सगळं मूल त्या बोटावरून शिकतं.

मधूनमधून थांबून विचारा, पण "समजलं का?" असं विचारू नका. त्याचं उत्तर नेहमी "हो" असतं. "आता पुढे काय होईल?", "ही मुलगी का रुसली असेल?", "तू असतास तर काय केलं असतंस?" असं विचारलं की मूल बोलतं होतं. उत्तर चूक-बरोबर ठरवू नका, पान उलटून दोघांनी मिळून बघा. दोन-तीन पानांमागे एक प्रश्न पुरे. जास्त विचारलं तर गोष्टीची परीक्षा होते.

तेच पुस्तक पुन्हा वाचायचा हट्ट झाला तर आनंदाने वाचा. चौथ्या-पाचव्या वेळेला मूल वाक्यं आधीच म्हणू लागतं. ते पाठांतर आहे म्हणून नाराज होऊ नका. पाठ असलेलं वाक्य आणि बोटाखालचा शब्द यांची जोडी जुळू लागते, तिथेच वाचन सुरू होतं.

मग मुलाला वाचू द्या, तुम्ही ऐका

बहुतेक घरांत भांडण होतं ते याच पायरीवर. समजा, पुस्तकात वाक्य आहे, "किरण नदीकडे निघाला." मूल वाचतं, "करण..." आई ताबडतोब म्हणते, "किरण! नीट बघून वाच ना!" मूल पुढचा शब्द वाचण्याआधी आईच्या चेहऱ्याकडे बघतं. दोन मिनिटांत ते पुस्तकापेक्षा चेहराच जास्त वाचू लागतं.

त्याऐवजी असं करा. चूक झाली की मनात तीन-चार आकडे मोजा. वाक्य पूर्ण झाल्यावर अर्थ लागत नाही हे बऱ्याच मुलांच्या आपणहून लक्षात येतं आणि ती मागे जाऊन दुरुस्त करतात. नाही केलं, तर शब्दावर बोट ठेवून म्हणा, "क च्या आधी काय काढलंय बघ बरं." मूल म्हणेल, "वेलांटी." "मग?" "कि... किरण!" हा शब्द त्याने स्वतः शोधलेला असतो, म्हणून तो लक्षात राहतो. तेवढ्यानेही जमलं नाही, तर सरळ शब्द सांगून टाका आणि पुढे चला. एका ओळीत तीन-चार शब्दांवर अडत असेल तर दोष पुस्तकाच्या निवडीचा आहे. सोपं पुस्तक घ्या.

देवनागरीत मुलं ठरावीक जागी अडतात. त्या जागा पालकांना माहीत असल्या की चिडचिड निम्मी होते. ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी काढतात, उच्चार मात्र नंतर होतो. रफार याच्या उलट, 'वर्ग' मधला र पुढच्या ग च्या डोक्यावर बसतो, पण म्हणायचा असतो आधी. म्हणून 'वर्ग' चं 'वग' होतं. घ आणि ध, भ आणि म, ब आणि व यांत गल्लत होते. जोडाक्षरं सगळ्यांत शेवटी येतात आणि ती पहिलीच्या अखेरीपर्यंत पक्की नसली तर काही बिघडत नाही. बाराखडी रोज घोकून घेणाऱ्या पालकांना माझी विनंती आहे, ती वेळ छोटे शब्द आणि वाक्यं वाचण्याला द्या. बाराखडी घडाघडा म्हणणारी पण 'मामा आला' वाचताना थांबणारी मुलं प्रत्येक शाळेत असतात.

वाचता येत नसेल, तर

तुम्हाला वाचता येत नसेल किंवा जेमतेम येत असेल, तर ही पायरी वगळू नका. ती तुमच्यासाठीच आहे. मुलाला शेजारी बसवा आणि म्हणा, "मला वाचून दाखव, मला ऐकायचंय." त्याने वाचलं की विचारा, "मग काय झालं? कोण कुठे गेलं?" मुलाने सांगितलेली गोष्ट तुम्हाला कळली, तर त्याने समजून वाचलंय. कळली नाही, तर म्हणा, "परत वाच बरं." तपासायला एवढं पुरतं. एसटीच्या पाट्या, दुकानांची नावं, बिस्किटाचा पुडा, वीजबिलावरचं नाव, लग्नपत्रिका, जे जे मराठीत छापलेलं समोर येईल ते मुलाकडून वाचून घ्या. आपल्या वाचनाचा आईला उपयोग होतो हे कळलं की मुलाची कॉलर ताठ होते.

गोष्टी सांगणं तर कुणालाही जमतं. आजीची गोष्ट अहिराणीत असो, मालवणीत असो की वऱ्हाडीत, ती तशीच सांगू द्या. घरची बोली सुधारायला जाऊ नका. ज्या मुलाने घरात भरपूर गोष्टी ऐकल्या आहेत, त्याला पुस्तकातली गोष्ट परकी वाटत नाही. पुस्तकी भाषा शाळेत हळूहळू येते.

इंग्रजी माध्यमात मूल घातलेल्या आणि स्वतःला इंग्रजी येत नसलेल्या पालकांनाही हेच सांगेन. घरी मराठीत वाचा. गोष्टीचा धागा पकडणं, पुढे काय होईल याचा अंदाज बांधणं, न कळलेल्या शब्दाचा अर्थ आजूबाजूच्या वाक्यांवरून लावणं, हे एका भाषेत जमलं की दुसऱ्या भाषेत कामाला येतं. अडखळत इंग्रजी वाचून दाखवण्यापेक्षा मराठीतून रंगवून वाचलेली गोष्ट मुलाला जास्त देते.

पुस्तकं कुठून आणायची

पैसे नाहीत म्हणून हे अडू नये. शिक्षणहक्क कायद्याच्या परिशिष्टात प्रत्येक शाळेत ग्रंथालय असावं आणि त्यात गोष्टींची पुस्तकंही असावीत असं स्पष्ट लिहिलंय. पुष्कळ शाळांत ही पुस्तकं कपाटात असतात आणि कपाटाला कुलूप असतं. पुस्तकं फाटतील, हरवतील, मग हिशोब कोण देणार, ही शिक्षकांची धास्ती असते. तीन-चार पालकांनी मिळून मुख्याध्यापकांना सांगावं, "दर शनिवारी पुस्तक घरी द्या, नोंदवही आम्ही सांभाळतो, फाटलं तर आम्ही चिकटवतो." जबाबदारी घेणारं कुणी भेटलं की कुलूप उघडायला वेळ लागत नाही.

गावातल्या किंवा वॉर्डातल्या सार्वजनिक वाचनालयात बालविभाग आहे का ते विचारा. वर्गणी बहुतेक ठिकाणी अगदी माफक असते. बालभारतीची पाठ्यपुस्तकं तिच्या संकेतस्थळावर फुकट उतरवून घेता येतात. बालभारतीचंच 'किशोर' मासिक १९७१पासून निघतंय, त्याचे जुने अंकही तिथे वाचायला ठेवलेत. मूल तिसरी-चौथीत गेल्यावर ते अंक हाती द्या. अगदी लहानांसाठी प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर मराठी चित्रपुस्तकं मोफत आहेत, आणि वाचनाच्या पातळीप्रमाणे लावलेली आहेत. नॅशनल बुक ट्रस्टची पुस्तकं स्वस्त असतात. मोबाइलवरचं पुस्तक वाचताना मोबाइल तुमच्या हातात ठेवा, नाहीतर तिसऱ्या पानाला व्हिडिओ सुरू होतो.

मूल कुठवर आलंय ते कसं बघायचं

'असर' ही पाहणी २००५पासून गावोगावी घरी जाऊन मुलांचं वाचन तपासते. त्यांची पद्धत इतकी साधी आहे की घरीही वापरता येते. आधी सुटी अक्षरं, मग दोन-तीन अक्षरी सोपे शब्द, मग पहिलीच्या पातळीचा चार वाक्यांचा उतारा, मग दुसरीच्या पातळीची आठ-दहा ओळींची गोष्ट. पाचपैकी चार अक्षरं बरोबर आली तर पुढे शब्दांकडे जायचं, शब्दांचंही तसंच. उतारा वाचताना तीनपेक्षा जास्त चुका नसाव्यात आणि मूल वाक्य म्हणून वाचत असावं, शब्द सुटे सुटे तोडून नव्हे.

हे दोन-तीन महिन्यांतून एकदा करा, तेही खेळता खेळता. निपुण भारतमध्ये तिसरीसाठी मिनिटाला किमान ६० शब्द समजून वाचण्याचं उद्दिष्ट आहे. ते पालकांना माहीत असावं, पण म्हणून घड्याळ लावून बसू नका. घड्याळ दिसलं की मुलं धावतात आणि अर्थ मागे राहतो.

गृहपाठात किती हात घालायचा

कमी. वही-पुस्तक काढून द्या, जागा द्या, जवळ बसा, अडलं तर विचारा, "बाईंनी वर्गात कसं करून दाखवलं होतं?" एवढ्यावर थांबा. नॅन्सी हिल आणि डायना टायसन या अमेरिकन संशोधकांनी २००९ साली माध्यमिक टप्प्याच्या उंबरठ्यावरच्या मुलांबद्दलचे बरेच अभ्यास एकत्र करून पाहिले. पालकांच्या सहभागाचे बहुतेक प्रकार मुलांच्या प्रगतीशी चांगल्या अर्थाने जोडलेले दिसले, गृहपाठातली थेट मदत मात्र तशी दिसली नाही. याचं एक कारण असंही असू शकतं की मागे पडलेल्या मुलांनाच घरून जास्त मदत होते. सगळ्यांत उपयोगी ठरलं ते मुलाशी शिक्षणाबद्दल बोलणं, म्हणजे हे कशासाठी शिकतोस, पुढे काय करायला आवडेल, त्यासाठी काय लागेल.

प्रकल्पवह्यांबद्दल मला कळकळीने सांगायचंय. आईने रात्री अकरा वाजता कापलेला थर्माकोल आणि वळणदार अक्षरांतली माहिती आम्हा शिक्षकांना लगेच ओळखू येते. मुलाने वेडंवाकडं चिकटवलेलं पान आणा. त्यावरून मूल काय शिकलंय ते आम्हाला कळतं.

शाळेत जा, आणि नेमकं विचारा

पालकसभेला दोघांपैकी कुणीतरी गेलंच पाहिजे. शिक्षणहक्क कायद्यानुसार पालकांना भेटून मुलाची हजेरी, शिकण्याची क्षमता आणि प्रगती सांगणं हे शिक्षकाच्या कर्तव्यांत येतं. तुम्ही विचारलंत तर आम्हाला त्रास होईल असं मनात आणू नका.

"कसा आहे हो अभ्यासात?" असं विचारलं की "बरा आहे, जरा लक्ष द्या" असंच उत्तर मिळतं. नेमकं विचारलं की नेमकं उत्तर मिळतं:

"सर, ती नवीन उतारा स्वतःहून वाचते का, की पाठ झालेलाच?"
"वर्गात न कळलेलं विचारते का?"
"कोणाशेजारी बसते? फळा दिसतो का तिला?"
"या महिन्यात घरी आम्ही एकच गोष्ट करायची, तर कोणती?"

शेवटचा प्रश्न लिहून घेऊन जा. पुढच्या भेटीत त्याच गोष्टीबद्दल बोला, शिक्षकही मग तिकडे लक्ष ठेवतात. प्रगतिपुस्तक हातात आलं की श्रेणी बघून मिटू नका, वर्णनात्मक नोंदी वाचा. 'अडखळत वाचन करतो', 'प्रश्नांची उत्तरे एका शब्दात देतो' अशा दोन ओळींत कामाचं सगळं असतं. न कळलेल्या नोंदीचा अर्थ विचारा.

आणि शाळा बुडवू नका. पहिलीच्या मुलाचं काय एवढं बुडतंय, म्हणून लग्नाला चार दिवस, जत्रेला दोन दिवस, पाऊस आहे म्हणून एक दिवस अशी घरी ठेवलेली मुलं महिन्याच्या शेवटी अक्षरांचा एक अख्खा गट चुकवून बसतात. ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर जाणाऱ्या कुटुंबांचा प्रश्न वेगळा आहे. त्यांनी निघण्याआधी मुख्याध्यापकांना भेटून गावात हंगामी वसतिगृहाची सोय आहे का ते विचारावं. मूल मागे राहणार असेल तर फोनवर "जेवलास का?" च्या पाठोपाठ "आज काय वाचलंस, सांग" हेही विचारता येतं.

सरकारी आणि अनुदानित शाळांत शाळा व्यवस्थापन समिती असते. तिच्यात कायद्याने ७५ टक्के सदस्य पालक आणि निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात. शाळा विकास आराखडा हीच समिती करते. पुष्कळ ठिकाणी सह्यांपुरती बैठक होते, कारण पालकांनाच आपला अधिकार माहीत नसतो. समितीत जागा मिळत असेल तर घ्या, आणि पाणी, स्वच्छतागृह याबरोबर वाचनाचा तास आणि पुस्तकं हे विषयही पटलावर आणा. विनाअनुदानित शाळेत ही समिती बंधनकारक नाही, तिथे पालक-शिक्षक संघात नाव द्या.

प्रयत्न करूनही वाचन येत नसेल, तर

आधी डोळे आणि कान तपासा. पुस्तक नाकाजवळ धरणं, फळ्यावरचं चुकीचं उतरवणं, हाक मारल्यावर न वळणं याकडे हट्टीपणा म्हणून बघू नका. सरकारी शाळांत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक तपासणीला येतं, त्या दिवशी मूल शाळेत असेल असं बघा.

दुसरी संपत आली, हजेरी नीट आहे, घरी वाचन होतंय, बोलण्यात मूल चुणचुणीत आहे आणि तरीही अक्षरं पुन्हा पुन्हा विसरतं, तर वर्गशिक्षकांशी बोलून अध्ययन अक्षमतेची तपासणी करून घ्या. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात तिचा समावेश आहे. प्रमाणपत्र मिळालं तर परीक्षेत सवलती मिळतात, आणि शिकवण्याची वेगळी पद्धतही ठरवता येते. अशा मुलाला 'ढ' म्हणू नका, आणि दुसऱ्या कुणालाही म्हणू देऊ नका.

मे महिन्याची सुट्टी

दीड महिना पुस्तक मिटलेलं राहिलं तर जूनमध्ये आम्हाला बरंच मागे जाऊन सुरुवात करावी लागते. पुढच्या इयत्तेचा अभ्यास सुट्टीतच उरकण्याची घाई मात्र करू नका. आजोळी जाताना पाच-सहा चित्रपुस्तकं पिशवीत टाका. मामेभावंडं जमली की मोठ्याने लहानाला वाचून दाखवायचं असा नेम लावा. दुसरीतला मुलगा पाच वर्षांच्या बहिणीला वाचून दाखवतो तेव्हा तो अडलेला शब्दही सोडत नाही, कारण पुढची गोष्ट तिला हवी असते. आजोबांना चाळशीशिवाय दिसत नसेल तर वर्तमानपत्राचे मथळे वाचायचं काम नातवाला द्या. शाळा सुरू व्हायच्या आधीच्या आठवड्यात वर सांगितलेली अक्षर-शब्द-उतारा-गोष्ट ही तपासणी एकदा करा, आणि मूल कुठे आहे ते नव्या वर्गशिक्षकांना पहिल्याच भेटीत सांगा.